कठड्याबाहेरचा भोंडला

भानुमती फाटक ही माझ्या आईची काकू. मी तिला भानूआजी म्हणायची. झाशीत तिला पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांतली निम्मी तिला ‘ढोलकवाली बाई’ म्हणूनच ओळखतात. चारचौघींसारखा संसार केलेली बाई ती. पण एका वर्षी नवरात्रात तिने असं काही केलं की सगळ्या सिव्हिल लाइन्समध्ये तिचं नाव झालं. ते इथे सांगते आहे.

तिचं माहेर झाशीतलंच. वडील आबासाहेब दप्तरदार. मराठ्यांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथेच रुजले. घरात मराठी बोलायचे, पण शतकभरापूर्वीची. मेणबत्तीच्या घराला शामदान म्हणायचे आणि हात धुवायच्या भांड्याला तस्त. उंबरठा ओलांडला की सगळीकडे बुंदेली. गल्लीत कुणाकडे मूल झालं की शेजारच्या बायका ढोलक घेऊन जमायच्या आणि दुपारभर गायच्या. लहानगी भानू त्यांच्यात जाऊन बसायची. आधी टाळ्या वाजवायची, मग ढोलकीच्या लाकडावर चमच्याने ठेका द्यायची, आणि एक दिवस कुणीतरी ढोलकच तिच्या मांडीखाली सरकवून दिली. आबासाहेबांना हे मुळीच पसंत नव्हतं. “गाणं शीक हवं तर,” ते म्हणायचे, “पण हे थाप मारणं आपल्या घरातलं काम नव्हे.” ती हो म्हणायची आणि पुढच्या बारशाला पुन्हा जायची.

लग्न झालं गोविंदराव फाटकांशी. ते भुसावळकडचे, रेल्वेत माल-बाबू. म्हणजे मालगाडीत काय चढलं आणि काय उतरलं याचा हिशेब ठेवणारे. शिवाय रेल्वेच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात बायको त्यांना म्हणाली, “अहो, मला आज जरा बुखार आहे, पण तुम्ही फिकीर नका करू.” गोविंदराव इतके हसले की शेजारी बघायला आले. “तुझं मराठी म्हणजे अर्धी भाकरी आणि अर्धी पुरी,” ते म्हणाले. ढोलकीचं मात्र त्यांना कौतुक वाटलं. संध्याकाळी ते अंगणात सराव करत आणि ती शेजारी बसून ठेका धरी.

त्यांना मूल लवकर झालं नाही. पण गोविंदरावांचे थोरले भाऊ आणि वहिनी तापाच्या साथीत गेले आणि त्यांची मुलगी कमलिनी झाशीला काकांकडे आली. ती माझी आई. घरात तिला कमळी म्हणायचे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये शेजारी जानकी नावाची बुंदेली बाई राहायची. तिचा नवरा कारखान्यात लोहार होता आणि बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. जानकीच्या मुली आणि कमळी दिवसभर एकमेकींच्या घरात असत.

गोष्ट घडली ती १९२७च्या सुमाराला. तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे एक बाग होती. लोक तिला बँडबाग म्हणत, कारण पावसाळा सरला की दर शनिवारी संध्याकाळी तिथल्या गोल चबुतऱ्यावर बँड वाजायचा. बागेला लोखंडी कठडा होता आणि फाटकावर पाटी. आत फक्त गोऱ्यांनी यायचं. काळ्या माणसांपैकी आत जायच्या त्या साहेबांची मुलं सांभाळणाऱ्या आया, माळी, आणि बँडवाले. बँडवाले सगळे आपलेच होते. रेल्वेच्या कारखान्यातले लोहार, खलाशी म्हणजे मदतनीस मजूर, कारकून. बँडमास्तर मेनेझिस म्हणून एक गोवेकर होते. या बँडवाल्यांची बायकामुलं मात्र ऐकायला यायची ती कठड्याबाहेरच्या रस्त्यावर. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणी त्याबद्दल फारसं बोलत नव्हतं.

त्या वर्षी मोसमाच्या पहिल्याच शनिवारी कमळी आत गेली. तिचं वय तेरा-चौदा. काकांनी नवी चाल बसवली होती आणि तिला बोटं कशी फिरतात ते जवळून बघायचं होतं. फाटकावरचा चौकीदार कुणाशी बोलत होता. कमळी सरळ चालत गेली आणि चबुतऱ्याजवळच्या एका बाकावर बसली. मांडीवर हात ठेवून, अगदी शहाण्यासारखी.

पहिली चाल अर्धी झाली असेल, तोवर बागेच्या कमिटीचा सेक्रेटरी साहेब तिथे आला. त्याने तिला हाताला धरून उठवलं नाही, की मोठ्याने बोललाही नाही. नुसतं बोट दाखवलं. कमळी उठली. मग त्याने माळ्याला बोलावलं, बादलीभर पाणी आणायला लावलं, आणि सगळ्यांसमोर ते बाक धुऊन घेतलं. कापडाने पुसून घेतलं. एक मडम शेजारी छत्री धरून थांबली होती. बाक कोरडं झाल्यावर ती बसली.

गोविंदराव हे सगळं बघत होते, आणि तोंडात क्लॅरिनेट होतं. चाल थांबली नाही.

घरी आल्यावर कमळीने जेवायला नकार दिला. “काकू, माझे कपडे मळलेले होते का गं?” तिने विचारलं.

“नाही,” भानुमती म्हणाली. “सकाळीच तर मी धुऊन दिले होते.”

“मग बाक का धुतलं?”

भानुमतीने तिला जवळ बसवलं. तिने कमळीची वेणी सोडली, तेल लावलं, पुन्हा घातली. गोविंदराव ओसरीवर बसून होते. तिथूनच ते म्हणाले, “मी उठायला हवं होतं.”

“उठून काय केलं असतं? नोकरी गेली असती आणि बाक धुतलंच असतं.”

“मग आता?”

“आता काही नाही. बघू.”

चार दिवस ती बघतच होती. कामं नेहमीसारखी चालली होती, पण ढोलकीला तिने हात लावला नाही. मग घटस्थापना जवळ आली आणि एका दुपारी ती जानकीकडे गेली. नवरात्रात आपल्याकडे मुली भोंडला करतात. पाटावर हत्तीचं चित्र काढायचं, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत, म्हणजे डब्यात लपवलेला खाऊ ओळखायचा. त्याच दिवसांत बुंदेली मुलींचा नौरता असतो. त्या सकाळी अंगणात मातीची आकृती करून तिच्यासमोर गातात.

“जानकी, या खेपेला आपण भोंडला बाहेर करू,” भानुमती हिंदीत म्हणाली. “बँडबागेच्या कठड्याबाहेर. शनिवारी, बँड वाजत असताना.”

जानकी धान्य पाखडत होती. ती थांबली. “बा बेंचवाली बात पे?”

“हो. त्या बाकावरूनच.”

“तौ हमाई मोड़ियें सोई आहें,” जानकी म्हणाली. आमच्या मुलीही येतील. पुढे एवढंच विचारलं, की खिरापत कोण करणार.

नवऱ्याला सांगणं बाकी होतं. ते तिने रात्रीच्या जेवणाआधी उरकलं. “मी बागेत पाऊल टाकणार नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. मुली फेर धरतील, मी ढोलक वाजवीन. तुमचं नाव कुठे येणार नाही.”

“सगळी झाशी मला ओळखते. नाव यायला कशाला हवं?”

“मग नको करू?”

गोविंदरावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी ते अंगणात सरावाला बसले आणि शनिवारी वाजायच्या चाली एकेक करून वाजवायला लागले. नेहमीपेक्षा सावकाश. एकेक चाल पुन्हा पुन्हा. भानुमती काय समजायचं ते समजली. तिने मुलींना बोलावलं आणि त्या विलायती चालींवर शब्द बसवायला घेतले. नाचाची एक चाल तीन-तीन मात्रांची होती. ती दादऱ्यात चपखल बसली. कवायतीची चाल केरव्यात बसली. तिने पुन्हा ढोलक ओढून घेतली.

शनिवारी ऊन कलताना मुली निघाल्या. सदर बाजारातून जाताना दुकानदार बघत राहिले. मराठी घरांतल्या मुली होत्या, लोहारांच्या होत्या, खलाशांच्या होत्या. कठड्याबाहेर रस्त्याकडेला गवताचा पट्टा होता. तिथे पाट ठेवला, त्यावर खडूने काढलेला हत्ती, हत्तीला झेंडूची माळ. भानुमती झाडाखाली सतरंजीवर बसली. आत मेनेझिस मास्तरांनी काठी उचलली, नाचाची चाल सुरू झाली, आणि बाहेरून त्याच चालीत मुलींनी सूर लावला.

हत्ती आला, हत्ती आला, कठड्यापाशी थांबला,
आतल्या बाकाने त्याला प्रश्न एक घातला,
तू काळा की गोरा बाबा, तू काळा की गोरा?
सोंड हलवून हत्ती म्हणे, मी तर करडा सारा.

आतल्या लोकांना शब्द कळले नाहीत, पण गंमत वाटली. एकदोघी मडमा कठड्याजवळ येऊन बघून गेल्या. कळलं ते बँडवाल्यांना. मोठा ढोल वाजवणाऱ्या जानकीच्या नवऱ्याने मान खाली घातली आणि ती वर केली नाही, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. मग दुसरं गाणं आलं.

बाकाला पाणी, बाकाला पाणी, बाक का गं ओलं?
कमळी बसली घडीभर, बाकाचं काय गेलं?

कमळी फेरात होती. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिचा आवाज थोडा कापला. पण शेजारच्या मुलीने हात घट्ट धरला होता, आणि पुढच्या फेरीला ती सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

आठवडाभरात गाणं शहरभर झालं. साहेबांच्या बंगल्यांतले खानसामे ते गुणगुणायला लागले. अंबिका नावाची एक आया होती, तिला मालकिणीने अर्थ विचारला आणि तिने भीतभीत सांगून टाकला. त्यामुळे दुसऱ्या शनिवारी पोलीस इन्स्पेक्टर आला. इकडचाच माणूस, ओरछ्याकडचा. मुली तेव्हा दुपटीने जमल्या होत्या.

“बाईजी, ये सब क्या है?” त्याने विचारलं.

“पूजा है भैया, हाथी की,” भानुमती म्हणाली. “हमारे यहाँ हर साल होती है.”

“सड़क पे?”

“हाथी घर में कहाँ समाएगा?”

इन्स्पेक्टरने पाटावरच्या वीतभर हत्तीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं की पूजा किती वेळ चालते. खिरापत ओळखेपर्यंत, असं त्याला सांगितलं. तो तिथेच उभा राहिला. मुली एकेक पदार्थ सांगत होत्या. करंजी? नाही. चिवडा? नाही. शेव? नाही. शेवटी इन्स्पेक्टरच म्हणाला, “गुजिया?” गुजिया म्हणजे करंजीच, सगळ्या हसल्या. डब्यात गूळपापडी होती. त्याने हातावर घेतली, खाल्ली, आणि वर कळवलं की रस्त्यावर एक धार्मिक कार्यक्रम चालू आहे, वाहतुकीला अडथळा नाही.

तिसऱ्या शनिवारी दसरा होऊन गेला होता. पण कोजागिरीपर्यंत भोंडला चालवायची काही घरांत रीत आहे, त्या आधारावर मुली पुन्हा आल्या. या वेळी रस्त्यावर नुसती गर्दी होती. कॉलेजातली मुलं आली होती, कारखान्यातले लोक आले होते. एकाने झांजा आणल्या होत्या, एकाने बासरी. सेक्रेटरीने मेनेझिसना सांगितलं की बँड इतक्या जोरात वाजवा की बाहेरचं काही ऐकू येऊ नये. मेनेझिसनी हुकूम पाळला. बँड जोरात वाजला, आणि बाहेरचं गाणं त्याच चालीत असल्यामुळे आणखी उठावदार झालं. मास्तरांनी कवायतीची चाल धरली. भानुमतीने केरवा धरला आणि मुली शिपायांसारखी पावलं टाकत फेर घ्यायला लागल्या. आतली गोरी मुलं कठड्याला लटकून तशीच पावलं टाकत होती. त्यांच्या आयांना काय करावं ते सुचेना.

सेक्रेटरी चबुतऱ्याजवळ आला. “बँड बंद करा,” तो म्हणाला.

मेनेझिसनी काठी खाली ठेवली. वाद्यं थांबली. एकदम शांत झालं. बाहेर भानुमतीची ढोलक तेवढी चालू राहिली. आणि त्या शांततेत जानकीच्या थोरल्या मुलीने स्वतः रचलेलं बुंदेली कडवं म्हटलं.

बेंच तौ धो लई साहब ने, अब बाजो कैसें धोहें?
फूँक लगी है कक्का की, बा फूँक कहाँ ले जैहें?

साहेबांनी बाक तर धुऊन घेतलं, आता वाजा कसा धुणार? त्यात काकांची फुंकर आहे, ती कुठे नेणार? आई सांगायची की हे ऐकून रस्त्यावर कुणी हसलं नाही. सगळे बँडवाल्यांकडे बघायला लागले.

गोविंदराव खुर्चीवरून उठले. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि मुलींची चाल वाजवायला सुरुवात केली. एकट्यानेच. पहिल्या ओळीला सूर थोडा फाटला, मग सरळ झाला. भानुमतीने आवाज ओळखला, पण मान वर करून बघितलं नाही. तिने ठेका किंचित कमी केला, म्हणजे त्यांना श्वास घ्यायला जागा मिळावी. मुलींनी कडवं पुन्हा घेतलं आणि क्लॅरिनेट त्यांच्या मागून चालत राहिलं. गाणं संपेपर्यंत.

सेक्रेटरी मेनेझिसना म्हणाला, “मी बँड बंद करायला सांगितलं होतं.”

“बँड बंदच आहे साहेब,” मेनेझिस म्हणाले. “एका क्लॅरिनेटला बँड म्हणत नाहीत.”

याचं फळ महिन्याभरात मिळालं. गोविंदरावांना बँडमधून काढलं आणि बरुआसागरला बदली केली. बरुआसागर झाशीहून दूर नाही, पण तेव्हा तिथे दिवसातून मोजक्या गाड्या थांबत आणि बढतीची वाट तिथून नव्हती. मेनेझिस कानपूरला एका नाटक कंपनीत गेले. मात्र बँडमधल्या बाकीच्यांनीही हळूहळू शनिवारी आजारी पडायला सुरुवात केली. कुणाचा घसा बसला, कुणाचा हात दुखावला. जानकीच्या नवऱ्याची कंबर तर कायमचीच धरली. पुढच्या मोसमात बागेत ग्रामोफोन लावला. तो ऐकायला रस्त्यावर कुणी थांबेना.

मग कमिटीने एक मधली वाट काढली. बुधवारी हिंदी लोकांना बाग खुली. बरुआसागरला ही बातमी आली तेव्हा भानुमती पापड लाटत होती. “बुधवारची बाग बुधवारालाच लखलाभ,” ती म्हणाली. झाशीतल्या बहुतेकांनीही बुधवारी तिकडे पाऊल टाकलं नाही. काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात रंगकामाच्या वेळी फाटकावरची पाटी उतरवली, ती परत लागली नाही. जाहीर काही झालं नाही. लोक आपले जायला लागले.

सगळ्यांत जास्त मनाला लागलं ते माहेरचं. आबासाहेबांनी लेकीशी बोलणं सोडलं होतं. साहेबांशी भांडली म्हणून त्यांना राग नव्हता, उलट त्या बाबतीत ते मनातून खूश असावेत. दप्तरदारांची मुलगी भर रस्त्यात ढोलक घेऊन बसली, हे त्यांना सोसवेना. भाऊ चोरून भेटून जायचा. वडिलांचा निरोप नाही, की सणाचं बोलावणं नाही. भानुमतीने त्याबद्दल तक्रार केली नाही. फक्त दिवाळीला तिचं काम लवकर आटपायचं आणि मग ती उगीचच फळीवरची भांडी काढून पुन्हा घासायची.

बरुआसागरला त्यांचं बरं चाललं. स्टेशनवरून आल्याच्या आणि भाजीच्या टोपल्या जायच्या, त्यांचा वास कपड्यांना लागायचा. तलावाच्या बाजूच्या शेतकरी बायका माल घेऊन यायच्या आणि गाडीची वाट बघत बसायच्या. भानुमती त्यांच्यात जाऊन बसायला लागली. गाडी उशिरा आली की फलाटाच्या टोकाला गाणी व्हायची. कमळी तिथेच मोठी झाली, काकांकडून सूर शिकली आणि काकूकडून ताल. पुढे ती ग्वाल्हेरला मुलींच्या शाळेत गायनाची बाई झाली.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, कुणाला आशा नसताना, भानुमतीला मुलगी झाली. तिचं नाव वसुंधरा ठेवलं. बारशाच्या दिवशी दुपारच्या गाडीतून आबासाहेब उतरले. पागोटं, हातात काठी, बरोबर कुणी नाही. जावई धावत पुढे गेले. “संध्याकाळच्या गाडीने परत जायचं आहे,” आबासाहेबांनी आधीच सांगून टाकलं. नातीला बघितलं, तिच्या मुठीत रुपया ठेवला, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. लेकीशी शब्द नाही.

आत बायका जमल्या होत्या. ढोलक कुणी घ्यायची यावर बोलणं झालं. बाळंतिणीने वाजवू नये, असं एकीचं म्हणणं पडलं. म्हणून दुसरीच एक ढोलक घेऊन वाजवायला बसली. मग ओट्यावरून आबासाहेबांचा आवाज आला.

“भानू, तिथे कुणी ठेका चुकवतंय.”

बायकांनी तिच्याकडे ढोलक सरकवली. तिने हलक्या हाताने सुरुवात केली, आणि बायकांनी सोहर धरला, म्हणजे मूल जन्मल्याचं गाणं. गोविंदराव सांगायचे की म्हातारा काठीच्या मुठीवर बोटांनी मात्रा मोजत होता आणि एकही चुकत नव्हता. संध्याकाळची गाडी आली, शिट्टी देऊन गेली. आबासाहेब जागचे उठले नाहीत. गाणं थांबल्यावर त्यांनी जावयाला विचारलं, “इथे जेवायला काय असतं?”

ते आठ दिवस राहिले.